दोन खुर्च्यांची तडजोड

माझ्या कपाटात एक लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. वर पक्षाचं चिन्ह, मध्ये हात जोडलेल्या नेत्याचा फोटो आणि खाली जाड अक्षरांत ‘प्रतिनिधी’. नावासाठी ठिपक्यांची ओळ सोडलेली आहे, ती अजून कोरीच आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका पक्षाच्या राज्य अधिवेशनाला मी गेले होते. गेले म्हणजे, मला नेलं. आमच्या गल्लीतले एक दादा त्या पक्षाचं काम करायचे. बसमध्ये बायका कमी पडत होत्या. दादा घरी येऊन आईला म्हणाले, “काकू, ताईला पाठवा की. संध्याकाळी दारात आणून सोडतो.” मंडप मोठा होता, उकाडा त्याहून मोठा. स्टेजवरून कुणीतरी ठराव वाचला. दादा मागून म्हणाले, “ताई, हात वर.” मी हात वर केला. माझ्या हातासकट अध्यक्षांची एकमताने फेरनिवड झाली, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

मी कुणाची प्रतिनिधी होते, मला कुणी निवडलं, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. पडले ते काही वर्षांनी, 1964 सालच्या एका अमेरिकी अधिवेशनाबद्दल वाचताना. तिथे 68 माणसं एका सभागृहात बसायला मिळावं म्हणून भांडत होती आणि त्यातल्या एकीने त्या खुर्चीसाठी मार खाल्ला होता. मला ती खुर्ची बसच्या तिकिटासकट फुकट मिळाली होती.

आधी थोडं त्यांच्या पद्धतीबद्दल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार अधिकृतपणे ठरतो तो दर चार वर्षांनी भरणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात. प्रत्येक राज्यातून प्रतिनिधी येतात, राज्याराज्यांचा पुकारा होतो, मतं मोजली जातात. पण मत द्यायच्या आधी बसावं लागतं. एकाच राज्यातून दोन गट आले आणि दोघंही म्हणाले की खरे प्रतिनिधी आम्हीच, तर कुणाला बसवायचं? एखाद्या राज्याने पक्षाचा नियम मोडला, तर त्याच्या लोकांना आत घ्यायचं का? हे ठरवायला एक समिती असते, तिला क्रेडेन्शियल्स कमिटी म्हणतात. तिचा निर्णय मान्य नसेल तर वाद अख्ख्या सभागृहासमोर नेता येतो. वरवर पाहता हा कारकुनी मामला वाटतो. पण पक्ष म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न उघडपणे विचारायची वेळ पक्षावर बहुधा इथेच येते.

1964 च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत भरलं. मिसिसिपी राज्यातून दोन गट आले. एक पक्षाचा अधिकृत गट, सगळे गोरे. दुसरा ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’चा, 68 जणांचा, चार गोरे सोडले तर सगळे काळे. तेव्हा मिसिसिपीत दर दहा माणसांमागे चार काळी होती, पण मतदार यादीत नाव असलेले काळे प्रौढ शंभरात जेमतेम सात. नाव नोंदवायला गेलं की राज्यघटनेतल्या एखाद्या कलमाचा अर्थ लिहायला लावायचे आणि तो बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवायचा. पक्षाच्या स्थानिक बैठकांना काळे लोक गेले तर दारं बंद असायची. म्हणून त्यांनी एप्रिलमध्ये स्वतःचा पक्ष काढला, सगळ्यांना खुल्या असलेल्या बैठका घेतल्या, खालपासून वरपर्यंत प्रतिनिधी निवडले आणि अटलांटिक सिटीत येऊन सांगितलं की यांना उठवा, आम्हाला बसवा.

22 ऑगस्टला समितीपुढे फॅनी लू हेमर बोलल्या. कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षं काम केलेली बाई. 1962 मध्ये इंडियानोला गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने त्यांना घराबाहेर काढलं. 1963 च्या जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हाती दांडकी देऊन त्यांना मारायला लावलं. हे सगळं त्या टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, हातात कागद न घेता सांगत होत्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईघाईने व्हाइट हाउसमधून पत्रकारांपुढे यायचं ठरवलं आणि कॅमेरे तिकडे वळले. ते जे बोलले त्यात बातमी काहीच नव्हती. केनेडींच्या हत्येला नऊ महिने झाले, असं काहीसं. पण डाव उलटला. वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष त्याच रात्री, लोक घरी असतात त्या वेळेला दाखवली.

जॉन्सन हे काही वर्णद्वेष्ट्यांचे नेते नव्हते. त्याच जुलैमध्ये त्यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली होती. त्यांना भीती होती ती दक्षिणेतली राज्यं उठून जातील याची. मग तडजोड निघाली. फ्रीडम पार्टीच्या दोघांना सभागृहात बसवू, मिसिसिपीचे म्हणून नव्हे, ‘सरसकट’ प्रतिनिधी म्हणून. ते दोघं कोण, हेही आम्हीच ठरवलंय: ॲरन हेन्री आणि एड किंग, एक काळा, एक गोरा. बाकीचे पाहुणे. अधिकृत गटाने पक्षनिष्ठेची शपथ घ्यावी. आणि पुढच्या वेळेपासून भेदभाव करणाऱ्या राज्याला बसवणार नाही.

ही तडजोड मांडायला माणसंही चांगलीच निवडली होती. उपराष्ट्राध्यक्षपदाची आशा लावून बसलेले ह्यूबर्ट हम्फ्री, तरुण वॉल्टर मॉन्डेल, कामगार नेते वॉल्टर रॉयथर. नागरी हक्क चळवळीतले बायार्ड रस्टिन यांच्यासारखे मुरब्बी लोकसुद्धा म्हणाले, घ्या, राजकारणात एवढंच मिळतं. 68 जणांनी नकार दिला. हेमर यांचं म्हणणं साधं होतं: एवढ्या लांबून आम्ही दोन खुर्च्यांसाठी आलेलो नाही.

आजही या तडजोडीची बाजू घेणारे भेटतात. त्यांचा मुद्दा असा की चार वर्षांनी, 1968 च्या शिकागो अधिवेशनात, मिसिसिपीच्या अधिकृत गोऱ्या गटाला खरोखरच उठवलं आणि काळ्या-गोऱ्यांचा एकत्र गट बसवला. त्यात हेमरही होत्या. म्हणजे तडजोड फळली. मला हा हिशेब उलटा वाटतो. ‘पुढच्या वेळी’चं आश्वासन कुणीही देतं. ते पाळलं गेलं, कारण घेणाऱ्यांनी समाधान मानून घरी जायला नकार दिला होता. दोन खुर्च्या गोड मानून घेतल्या असत्या, तर 1968 मध्ये कदाचित चार मिळाल्या असत्या.

शिवाय तडजोड कुणाच्या वाट्यातून झाली ते बघा. अधिकृत गटाच्या एकाही खुर्चीला हात लागला नाही. तरीही शपथेचा अपमान वाटून त्यांच्यातले बहुतेक सगळे निघून गेले. नोव्हेंबरात ज्या मिसिसिपीला सांभाळायचं म्हणून हे सगळं केलं, तिने 87 टक्के मतं रिपब्लिकन गोल्डवॉटर यांना दिली. जॉन्सन देशभर 61 टक्के मतांनी जिंकले ते या लोकांशिवाय. ज्यांना राखायचं होतं ते गेले आणि जे राहायला आले होते त्यांना पाहुणे म्हटलं गेलं. फ्रीडम पार्टीचे लोक उसने पास घेऊन सभागृहात शिरले आणि मिसिसिपीच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी आले तर खुर्च्याच उचलून नेलेल्या. मग ते तिथे उभे राहिले आणि गाऊ लागले.

‘पक्ष ही खासगी संस्था आहे, कुणाला बसवायचं ते तिचं तिने ठरवावं’ हा युक्तिवाद माझे मित्रही करतात, आणि तो ऐकायला फार समंजस वाटतो. अमेरिकेत तो जुना आहे. टेक्सासमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाने तो वापरूनच प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी ठेवली होती. आम्ही क्लब आहोत, सदस्य आम्ही निवडू. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यात जमा, त्यामुळे ‘क्लब’च्या दाराबाहेर राहणं म्हणजे लोकशाहीच्याच बाहेर राहणं. 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात हे मोडीत काढलं. देशाचा कारभारी जिथून निघतो तो दिवाणखाना खासगी नसतो.

आणि नियमांचं म्हणाल तर ते पाळणारे कसे असतात याचा नमुना 1912 चा. रिपब्लिकन अधिवेशनात थिओडोर रुझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्यात 254 जागांवर वाद होता. पक्षयंत्रणा टाफ्ट यांच्या हातात. 235 जागा त्यांना मिळाल्या, 19 रुझवेल्ट यांना. रुझवेल्ट चोरी चोरी म्हणून ओरडत बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला. गंमत म्हणजे चारच वर्षांपूर्वी तीच यंत्रणा रुझवेल्ट यांच्या हातात होती आणि तिच्याच जोरावर त्यांनी टाफ्ट यांना पुढे आणलं होतं. तेव्हा त्यांना तिच्यात काही खोट दिसली नाही.

आता 2008. हा वाद तुमच्यापैकी काहींना बातम्यांमधून पुसटसा आठवत असेल. हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना ही चार राज्यं सोडून कुणीही 5 फेब्रुवारीच्या आधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने 15 जानेवारी धरली, फ्लोरिडाने 29 जानेवारी. पक्षाने शिक्षा ठरवली: दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द. उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचं मान्य केलं. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावच काढून घेतलं. हिलरींनी ठेवलं, पण ही निवडणूक काही मोजली जाणार नाही, असं रेडिओवर त्या स्वतःच म्हणाल्या होत्या.

मग मतदान झालं. फ्लोरिडात सतरा लाखांवर माणसं मत द्यायला गेली. फ्लोरिडाची तारीख ठरवणारं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातात होतं, हे खरं. तिथल्या डेमोक्रॅट आमदारांनीही त्या विधेयकाला मत दिलं, हेही खरं. पण रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने कुठला नियम मोडला होता? तारीख ठरवली आमदारांनी, शिक्षा झाली मतदाराला. 

दोन्ही राज्यांत हिलरी पुढे होत्या आणि एकूण हिशेबात मागे. मग त्यांना एकदम मतदाराची आठवण झाली. मे महिन्यात फ्लोरिडात भाषण करताना त्यांनी या जागांच्या वादाची तुलना गुलामगिरीविरोधी लढ्याशी आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याशी केली. फॅनी लू हेमर यांची गोष्ट ज्याने एकदा वाचली आहे, त्याला हे ऐकून संताप यावा. ज्यांना कधी आतच घेतलं नाही त्यांची लढाई आणि निकाल बघून तत्त्व बदलणाऱ्यांची लढाई, या दोन्ही ‘जागांचा वाद’ या एकाच नावाने ओळखल्या जातात, एवढंच त्यांच्यात साम्य. हिलरींचे सल्लागार हॅरल्ड इकीस हे नियम समितीचेही सदस्य होते. 2007 मध्ये शिक्षेच्या बाजूने मत देणाऱ्यांत तेही होते. 31 मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात समिती बसली, तेव्हा चार प्रतिनिधी पळवले म्हणून सर्वांत मोठा आवाज त्यांचाच.

त्या चार प्रतिनिधींची गोष्ट सांगायलाच हवी. मिशिगनमध्ये हिलरींच्या मतांप्रमाणे वाटणी 73-55 अशी होत होती. 55 हे ‘कुणीही नाही’ या खान्याला मत देणाऱ्यांचे. ओबामांच्या बाजूला हवं होतं 64-64. समितीने मान्य केलं 69-59, म्हणजे साधारण मधलं. भाजीवाल्याने साठ म्हणावं, आपण चाळीस म्हणावं आणि पन्नासला सौदा तुटावा, तसं. मतपत्रिकेवर ज्याचं नावच नव्हतं त्याला 59 प्रतिनिधी. हा आकडा कुठल्याच मतपेटीतून आलेला नव्हता. आणि वर दोन्ही राज्यांच्या प्रत्येक प्रतिनिधीला अर्धं मत. पूर्ण दिलं तर नियमाची अब्रू जाईल, शून्य दिलं तर नोव्हेंबरात फ्लोरिडा जाईल, म्हणून अर्धं. 

तीन दिवसांनी ओबामांनी बहुमताचा आकडा गाठला. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाच्या तोंडावर, खुद्द ओबामांच्याच विनंतीवरून, दोन्ही राज्यांना पूर्ण मतं बहाल झाली. त्या मतांनी काहीही बदलणार नव्हतं, तेव्हा. मी याला उदारपणा म्हणायला तयार नाही. मत परत दिलं ते त्यातला दम गेल्यावर.

इथपर्यंत मी फार ठामपणे बोलतेय, पण 1972 ला येऊन माझीही गाडी अडते. शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या गटाचे 59 प्रतिनिधी इलिनॉयच्या प्रायमरीत लोकांनी मतं देऊन निवडले होते. 1968 नंतर पक्षाने नवे नियम केले होते: बंद दाराआड याद्या करायच्या नाहीत, स्त्रिया, तरुण, काळे यांना योग्य जागा द्यायची. डेलींनी नियम धाब्यावर बसवले होते. मायामी बीचच्या अधिवेशनाने त्या 59 जणांना उठवलं आणि विल्यम सिंगर व जेसी जॅक्सन यांच्या गटाला बसवलं. हा गट नियमांत बसणारा होता, पण त्याला प्रायमरीत मतदारांनी निवडलेलं नव्हतं. त्याच अधिवेशनात मॅकगव्हर्न यांनी कॅलिफोर्नियात जिंकलेल्या 271 पैकी 151 जागा समितीने काढल्या आणि सभागृहाने परत दिल्या. अशा भांडणांतच वेळ गेला, मॅकगव्हर्न यांचं स्वीकृतीचं भाषण सुरू व्हायला मध्यरात्र उलटून पहाट जवळ आली, आणि पुढे ते 49 राज्यांत हरले. डेलींची टोळी मला आवडत नाही. तरी निवडून आलेल्याला उठवून न निवडलेल्याला बसवणं मला पचत नाही. डेलींच्या यादीला प्रायमरीच्या आधीच अडवायला हवं होतं, असं मी स्वतःला सांगते. मतं पडल्यानंतर दुरुस्ती करायला गेलं की मतदाराच्याच डोक्यावर हातोडा पडतो. हे उत्तर अपुरं आहे, माहीत आहे.

मग अमेरिकेचा हा तमाशा आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. कारण आपल्याकडेही हा खेळ झालेला आहे, आणि त्याच्या मध्यभागी टिळक होते. 1907 ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. तिथे टिळकांच्या माणसांचा जोर होता, म्हणून मवाळांनी ती सुरतेला हलवली. सुरतेत जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर काय झालं ते फारसं शिकत नाही. 1908 मध्ये मवाळांनी काँग्रेसची घटना केली: प्रतिनिधी निवडायचे ते मान्यताप्राप्त संस्थांनीच, आणि त्यांनी काँग्रेसचं ध्येयपत्र मान्य केलेलं हवं. जहाल आपोआप बाहेर. 1915 च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधी निवडीचा हा नियम सैल केला, तेव्हा कुठे टिळक आणि त्यांचे लोक 1916 ला लखनौत परत बसू शकले. जोडा एका दुपारी उडाला होता, पण पुढची आठ वर्षं दार बंद ठेवलं ते घटनेतल्या कलमाने.

आणि आज? 2022 मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, इतर बहुतेक पक्ष तेवढंही करत नाहीत, म्हणून आधी शाबासकी. खर्गे यांना 7,897 मतं, थरूर यांना 1,072, बाद 416. पण त्याआधी शशी थरूर, मनीष तिवारी यांच्यासारख्यांना मागणी करावी लागली की मत देणाऱ्या प्रतिनिधींची यादी तरी जाहीर करा. नऊ हजारांवर माणसं देशातल्या सर्वांत जुन्या पक्षाचा अध्यक्ष निवडणार, आणि ती कोण हे सगळ्यांनी बघू नये, असं पक्षाचं मत.

महाराष्ट्रात तर आपण याचं टोक पाहिलं. शिवसेना फुटली, मग राष्ट्रवादी फुटली, आणि खरा पक्ष कोणता हे ठरवायची वेळ निवडणूक आयोगावर आली. पक्ष म्हणजे त्याची संघटना, असं धरलं तर संघटनेतलं बहुमत मोजायला हवं. फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 च्या दोन्ही निर्णयांत आयोगाने सांगितलं की संघटनेतलं बहुमत खात्रीने मोजता येत नाही. पक्षांतर्गत निवडणुका आणि पदाधिकाऱ्यांच्या नेमणुका विश्वास ठेवण्यासारख्या नव्हत्या. मग मोजले ते आमदार-खासदार. निर्णय कुणाच्या बाजूने गेला यावर आपण घराघरांत भांडलो. मला त्यातल्या एका गोष्टीने अस्वस्थ केलं. शाखाशाखांतून आयुष्य घालवलेली, लाठ्या खाल्लेली लाखो माणसं, आणि पक्ष कोणाचा हे ठरवताना त्यांना मोजायला एक धड यादी नाही. अटलांटिक सिटीत निदान 68 नावांची यादी होती. तिच्यावर भांडता आलं, ती नाकारायला राष्ट्राध्यक्षाला टीव्हीवर यावं लागलं. आपल्याकडे नाकारायलाही काही नव्हतं.

हे लिहायच्या आधी मी दादांना फोन केला. आता ते दुसऱ्या पक्षात आहेत, पण आवाज तसाच प्रेमळ. विचारलं, “दादा, त्या अधिवेशनात मी कुठल्या तालुक्याची प्रतिनिधी होते?”

दादांना आधी काही आठवेना. मग कार्डाचं वर्णन केलं. फोटो, चिन्ह, कोरी ओळ.

“हां, ते होय,” दादा हसले. “ताई, ते जेवणाचं कार्ड होतं. ते दाखवल्याशिवाय ताट देत नव्हते.”